कुणीतरी जीव लावावा

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात झालेले भाषण)

स्वयंपाक उरकला असेल, नाहीतर कणीक मळता मळता ऐकत असाल. मी तुमच्या बचत गटांची समन्वयक. एरवी या वेळेला मी तुमच्याशी हप्ता, व्याज आणि नोंदवह्यांबद्दल बोलते. आज विषय वेगळा आहे. आज मी गाण्यांविषयी बोलणार आहे, आणि तीही प्रेमाच्या गाण्यांविषयी. हसलात ना? आम्ही पण असंच हसलो होतो, आणि त्या हसण्याची मला नंतर लाज वाटली. तिथूनच सुरुवात करते.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका गावात महिन्याची बैठक होती. समाजमंदिरात सतरंजी टाकून आम्ही बसलो होतो, बचत गोळा करणं चाललं होतं. तेवढ्यात कुणाचा तरी फोन वाजला आणि 'सैराट'मधलं 'याड लागलं' सुरू झालं. सगळ्यांनी माना वळवल्या. फोन होता गटातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या काकूंचा. वय पन्नाशीच्या पुढचं, घरात दोन नातवंडं. कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, काकूंना याड लागलं!" सगळ्या खदखदून हसल्या. मीही हसले. काकूंनी फोन पदराखाली दाबला आणि बैठक संपेपर्यंत मान वर केली नाही.

बैठक उरकल्यावर सतरंजीची घडी घालायला काकू थांबल्या. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. मी सहज म्हणाले, "काकू, नातवानं घालून दिलं का हो गाणं?" त्या म्हणाल्या, "न्हाई, मीच सांगून घालून घेतलं. अगं, आमच्या ह्यांनी चाळीस वर्षांत मला कधी नावानं हाक मारली न्हाई. 'ए' म्हणायचं, न्हाईतर 'ऐकलं का'. फोन वाजला की वाटतं, कुणीतरी आपल्यासाठी येडं झालंय. घटकाभर बरं वाटतं. तेवढंच."

त्या रात्री भाकरी थापताना माझ्या डोक्यातून ते 'तेवढंच' जाईना.

मैत्रिणींनो, आपण बायका काय काय मागतो, याचा विचार करा. पाणी मागतो, रेशन मागतो, कर्ज मागतो. मुलांसाठी मागतो, नवऱ्याच्या दारूसाठी औषध मागतो. पण 'माझ्यावर कुणीतरी जीव लावावा' हे आपण कुणाजवळ बोलतो का? बोललं तर लोक म्हणतील, या वयात हिला काय थेरं सुचतात. मग ते बोलायचं काम गाण्यावर सोपवायचं. गाणं आपल्या वतीनं बोलतं आणि आपण नामानिराळ्या राहतो.

हे आजकालचं नाही. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसायच्या तेव्हाही हेच होत होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून बायकांच्या तोंडून ओव्या ऐकल्या आणि लिहून ठेवल्या. त्या एक लाखापेक्षा जास्त भरल्या. पुस्तक न वाचलेल्या बायकांनी केलेल्या एक लाखापेक्षा जास्त ओव्या! त्या ऐकल्या की एक गोष्ट ध्यानात येते. माया मागायची ती भावाकडं, आईकडं, नाहीतर पंढरीच्या विठूकडं. भाऊ न्यायला येईल, आई वाट बघत असेल, विठू हाक ऐकेल. नवऱ्याचं नाव निघालं की कुंकवाची, आयुष्याची, अहेवपणाची गोष्ट येते. नवऱ्यावरच्या गोड ओव्याही आहेत, नाही असं नाही. पण मन मोकळं करायचं ते माहेरच्या वाटेकडं बघूनच.

संत जनाबाईंचं बघा. नामदेवांच्या घरी राबणारी बाई. तिला जीव लावणारा विठ्ठल काय करतो? तिच्यासाठी दागिने आणत नाही. तो तिच्या जात्याला हात लावतो, तिच्याबरोबर दळण दळतो. तिच्या शेण्या उचलतो. तिची वेणी घालतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला गेलात तर जनाबाईचं जातं म्हणून अजून दाखवतात, वारीला जाणाऱ्या तुमच्यातल्या कित्येकींनी ते पाहिलं असेल. त्याला हात लावताना कधी असं मनात आलंय का, की या बाईनं प्रेमाची केवढी साधी व्याख्या सांगून ठेवली? जो माझ्या कामाला हात लावतो, त्याचा माझ्यावर जीव आहे. ही व्याख्या लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आणि पुरुषांनाही हे दुःख कळलं होतं बरं का. ज्ञानेश्वर माउलींच्या विराण्या ऐका. माउली त्यात वाट बघणाऱ्या बाईच्या मुखानं बोलतात. तिला चंदन सोसत नाही, फुलांची शेज सोसत नाही, फक्त त्याची भेट हवी. 'घनु वाजे घुणघुणा' ही विराणी हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीवर लताबाईंनी गायली. आपण ती देवाचं गाणं म्हणून ऐकतो. देवाचं आहेच. पण डोळ्यांत पाणी येतं ते देवाच्या आठवणीनं की आणखी कशानं, हे ज्याचं त्यानं जाणावं.

आता लावणीकडं येते. लावणीचं नाव काढलं की घरातली मोठी माणसं रेडिओचा आवाज कमी करायला सांगायची. पण गंमत बघा. 1964 साली दोन मराठी सिनेमे आले. एक 'सवाल माझा ऐका'. त्यात जगदीश खेबुडकरांनी लिहिलेली, वसंत पवारांनी चाल दिलेली आणि सुलोचना चव्हाणांनी गायलेली 'सोळावं वरीस धोक्याचं' ही लावणी. सुलोचनाबाई दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, अंग न हलवता, नुसत्या आवाजावर लावणी गायच्या. घरात लावणीची परंपरा नसताना त्या लावणीसम्राज्ञी झाल्या. गाण्याचे धडे त्यांना नवऱ्यानंच दिले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या गेल्या.

दुसरा सिनेमा 'मराठा तितुका मेळवावा'. त्यात 'रेशमाच्या रेघांनी' आहे. ते लिहिलं शांता शेळके यांनी. गायलं आशाताईंनी. आणि संगीतकार म्हणून नाव होतं 'आनंदघन'. हे आनंदघन म्हणजे कोण? लता मंगेशकर! म्हणजे लिहिणारी बाई, चाल लावणारी बाई आणि गाणारीही बाई. त्या गाण्यातली बाई हौशी आहे, स्वतःच्या हातानं काढलेला कशिदा मिरवते, कुणीतरी बघावं असंही तिला वाटतंय. पण हात लावायचा नाही, असं ती ठणकावून सांगते. मला हे फार आवडतं. आपल्याला वाटतं की जिला प्रेम हवंय तिनं 'नको' म्हणू नये आणि जी 'नको' म्हणते तिला प्रेम नकोच असतं. या गाण्यात हवंही आहे आणि नकोही आहे, आणि दोन्ही एकाच बाईचं आहे. बाईनं बाईसाठी गाणं केलं की असं होतं.

याच्या उलट किती गाणी आहेत आठवा. पोरगी नाही म्हणते, पोरगा मागं मागं फिरतो, वाट अडवतो, ओढणी धरतो, आणि तिसऱ्या कडव्याला ती हसते. आपली मुलगे हेच बघून मोठी होतात. त्यांना वाटतं, तिसऱ्या कडव्यापर्यंत नेट धरला की झालं. शाळेच्या रस्त्यावर आपल्या पोरींना जो त्रास होतो, त्याची चाल पुष्कळदा अशा गाण्याचीच असते.

मी स्वतः कॅसेटच्या काळातली. 1998 मध्ये मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा 'गारवा' आला. गाण्याच्या आधी सौमित्र म्हणजे किशोर कदम आपल्या आवाजात कविता म्हणतात, मग गाणं सुरू होतं. पुढं कॉलेजला असताना आम्ही मैत्रिणी ती कॅसेट एकमेकींकडून मागून नेत होतो. फीत गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची. प्रेमात कुणीच नव्हतं आमच्यातलं. पण पाऊस आला की कुणीतरी आपली आठवण काढतंय असं वाटायचं आणि एसटीच्या खिडकीला डोकं टेकून प्रवास सुखाचा व्हायचा. तेव्हा कुणी माझी कॅसेट हिसकावून घेतली नाही. हे मी विसरले होते. कशी विसरले ते आता सांगते, कारण आजच्या भाषणाचं खरं कारण तेच आहे.

आमच्या ओळखीतल्या एका घरातली मुलगी. सोळा वर्षांची, अकरावीला. मला मावशी म्हणते. तिनं व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला एक प्रेमाचं गाणं ठेवलं. ते कुणीतरी कुणाला दाखवलं आणि दोन दिवसांत गावात बोभाटा झाला. तिची आई माझ्याकडं आली, रडवेली झालेली. म्हणाली, "ताई, काय करू?" मी काय म्हणावं? मी म्हणाले, "फोन काढून घ्या. वयच धोक्याचं आहे." एवढं बोलून मी पुढच्या गावाच्या बैठकीला निघून गेले. वाटलं, चांगला सल्ला दिला.

दोन महिन्यांनी ती मुलगी मला बसथांब्यावर भेटली. म्हणाली, "मावशी, तुम्ही सांगितलं म्हणून फोन घेतला. आता कॉलेजही बंद केलंय. रविवारी पाहुणे येऊन गेले, सुपारी फोडायची म्हणतात." मी विचारलं, "पोरी, मुलगा कोण होता?" ती माझ्याकडं बघतच राहिली. "कुणीच नव्हता मावशी. मला गाणं आवडलं म्हणून ठेवलं होतं."

मैत्रिणींनो, माझ्या पायाखालची जमीन सरकली. सोळावं वर्ष धोक्याचं असतं म्हणतात. पण कुणापासून धोका? त्या मुलीला धोका पोरापासून नव्हता. तिला धोका आमच्यापासून होता. आम्हाला गाणं दिसलं आणि त्यामागची मुलगी दिसली नाही.

मी एकटी त्या घरी गेले असते तर दारातूनच परत पाठवलं असतं. मी काकूंना बरोबर घेतलं, त्याच 'याड लागलं'वाल्या काकूंना. मी कायदा सांगितला. मुलीचं वय अठरा आणि मुलाचं एकवीस पूर्ण होण्याआधी लग्न लावणं गुन्हा आहे, लावणारे, ठरवणारे सगळे अडचणीत येतात. मुलीचे वडील म्हणाले, "कायदा आम्हाला शिकवू नका." मग काकू बोलल्या. त्या म्हणाल्या, "दादा, मला चौदाव्या वर्षी दिली. का दिली ठाऊक हाय? मी पाटाच्या पाण्यावर धुणं धुताना गाणं म्हणत हुते म्हणून. पोरगी वाया जाईल म्हणाले. तवापासून मी गाणं म्हटलं न्हाई. फोनला लावलंय ते बी लोक हसतात." घरात कुणी काही बोललं नाही. मुलीच्या आजीनं डोळ्याला पदर लावला.

सुपारी फुटली नाही. मुलगी यंदा बारावीला आहे. सगळं गोड झालं असं मात्र मी सांगणार नाही. तिचा फोन अजून वडिलांच्या खिशात असतो, आणि तिची आई माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. चूक माझीही होती, तेव्हा तो राग मला घ्यायलाच हवा.

आता 'सैराट'विषयी दोन शब्द, कारण गाण्यांवरून एवढं झालं तर त्या गाण्यांचा सिनेमा सोडून चालणार नाही. 2016 साली नागराज मंजुळे यांचा हा सिनेमा आला, अजय-अतुलचं संगीत. करमाळ्याच्या रानात चित्रीकरण, आणि वाद्यमेळाचं ध्वनिमुद्रण पार अमेरिकेत लॉस एंजेलिसला. आर्ची झालेली रिंकू राजगुरू आपली अकलूजची. 'याड लागलं', 'आताच बया का बावरलं', 'सैराट झालं जी' आणि 'झिंगाट' ही चार गाणी आपल्याला पाठ आहेत. हळदीला, वरातीला 'झिंगाट' वाजल्याशिवाय राहत नाही. पण एक लक्षात आलंय का? चारही गाणी सिनेमाच्या पहिल्या अर्ध्या भागात आहेत. आर्ची-परश्या पळून गेल्यावर गाणं नाही. तिथून पुढं झोपडपट्टीतली खोली आहे, पाण्याची रांग आहे, डोसे घालण्याचं काम आहे. जो परश्या तिच्यासाठी वेडा झाला होता तोच तिच्यावर संशय घेतो आणि हात उचलतो. पुढं ते दोघं सावरतात, बाळ होतं, घर होतं. आणि मग माहेरची माणसं भेटी घेऊन येतात आणि दोघांना मारून जातात. शेवटी उरतं ते लहान बाळ.

वरातीत नाचताना आपण तो शेवट विसरतो. मी म्हणते, विसरू नका, आणि गाणंही बंद करू नका. लेकीबरोबर बसून दोन्ही बघा. तिला विचारा, परश्यानं हात उचलला तेव्हा तुला काय वाटलं? खोलीचं भाडं कोण भरत होतं? आर्ची बुलेट चालवायची, ट्रॅक्टर चालवायची, ते तिचं बळ शहरात गेल्यावर कशानं कमी पडलं? असं विचारलं की लेक बोलते. फोन काढून घेतला की ती गप्प होते, आणि गप्प झालेली लेक मग खरंच कुणाच्याही मागं जाऊ शकते. जो पहिल्यांदा तिच्याशी गोड बोलेल, त्याच्या मागं.

लेकीला कायदाही नीट सांगा, दोन्ही बाजूंनी. अठराच्या आत मुलीची 'हो' कायदा धरत नाही, त्यामुळं पळून जाणं म्हणजे तिला आणि त्या पोराला संकटात घालणं. आणि वय पूर्ण झाल्यावर जोडीदार निवडण्याचा हक्क तिचा आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं आहे की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात घरच्यांना किंवा जातपंचायतीसारख्या जमावाला आडवं येता येणार नाही. लहान मुलामुलींसाठी 1098 आणि बायकांसाठी 181 हे फोन नंबर घराच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा.

पण मला फक्त लेकींबद्दल बोलायचं नाही. आपलं काय?

काकूंच्या त्या प्रसंगानंतर आम्ही त्या गटात एक पद्धत सुरू केली. बचत गोळा झाली, कर्जाचे अर्ज झाले की शेवटची दहा मिनिटं एका बाईची. तिनं आपल्या आवडीचं एक गाणं सांगायचं आणि ते का आवडतं तेही सांगायचं. नियम दोनच. हसायचं नाही, आणि इथलं बाहेर न्यायचं नाही. पहिल्या बैठकीला कुणी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या बैठकीला एकीनं आईच्या ओव्या म्हटल्या. तिसऱ्या बैठकीला एकजण बोलली, की तिचा नवरा मुंबईला असताना ती रात्री रेडिओ उशाशी घेऊन झोपायची. आता नवरा घरी आहे, तरी रेडिओ उशाशी आहे.

मग मी विचारलं, गाण्यातलं राहू द्या, तुमच्या घरात कुणी जीव लावला असं तुम्हाला कधी वाटलं? या प्रश्नावर मात्र सगळ्या बोलल्या. एक म्हणाली, मला ताप आला तेव्हा ह्यांनी चूल पेटवली आणि करपलेला का होईना, पिठल्याचा टोप समोर आणून ठेवला. एक म्हणाली, सासूबाईंनी एकदा माझ्या वाटची धार काढली आणि मला झोपू दिलं. एकीचा दीर तिच्या लेकराला घेऊन दवाखान्यात रात्रभर बसला. एक म्हणाली, माझ्या घरात असं कुणीच केलं नाही, पण माझं ऑपरेशन झालं तेव्हा गटातल्या बायकांनी पाळीपाळीनं डबा दिला. तिचा गळा दाटून आला.

आता जनाबाईची व्याख्या आठवा. एवढ्या बायकांनी सांगितलं, पण कुणीही साडी सांगितली नाही, दागिना सांगितला नाही. सगळ्यांनी सांगितलं ते जात्याला लागलेला दुसरा हात.

म्हणून माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. गाणं ऐका, खुशाल ऐका. त्यानं मन हलकं होतं आणि आपल्याला काय हवंय ते कळतं. पण कळल्यावर ते गाण्यापाशीच ठेवू नका. घरात बोला. नवऱ्याला सरळ सांगा की मला नावानं हाक मारा, दिवसातून एकदा विचारा की दमलीस का. तो पहिल्यांदा हसेल. हसू द्या, पुन्हा सांगा. मुलाला सांगा की पोरीनं नाही म्हटलं की गाणं तिथंच संपतं. आणि जिच्या घरात मारहाण आहे, संशय आहे, त्या बाईनं 'त्याचं माझ्यावर प्रेम आहे म्हणून मारतो' असं मनाला समजावू नये. त्याला जीव लावणं म्हणत नाहीत. गटात येऊन सांगा. घरगुती हिंसाचाराविरुद्ध 2005 चा कायदा आहे, आणि त्याच्याही आधी आम्ही आहोत.

वेळ संपत आली. जाता जाता एक सांगते. परवाच्या बैठकीत मी हजेरी घेत होते. आपल्या गटाच्या वहीत 'अमक्याची आई, तमक्याची बायको' असं लिहीत नाही. प्रत्येकीचं नाव लिहितो आणि तेच वाचतो. काकूंचं नाव वाचलं, त्यांनी हात वर केला. बैठक संपल्यावर सतरंजीचं टोक धरून त्या मला हळूच म्हणाल्या, "हजेरीला नाव घेतीस नव्हं माझं, ते जरा मोठ्यानं घेत जा."

या महिन्यात तुमच्या बैठकीत हजेरी मोठ्यानं घ्या.